हाकेच्या अंतरावरचा किल्ला

आमच्या बाबांनी किल्ला आतून कधीच पाहिला नव्हता. हे घरात फक्त मला आणि आईला माहीत होतं. बाबांना स्वतःला ते आठवत होतं की नाही कोण जाणे, कारण किल्ल्याबद्दल ते इतकी वर्षं आणि इतक्या ठामपणे बोलत आले होते की एव्हाना त्यांचाच त्यावर विश्वास बसला असावा.

आमचं दुकान किल्ल्याच्या मोठ्या दरवाजासमोर आहे. मधे फक्त एक अरुंद रस्ता. गोऱ्या साहेबांनी बंदरावर नजर ठेवायला हा किल्ला बांधला. पुढे साहेब गेले, बंदरही दुसरीकडे हललं, आणि किल्ल्यासमोर बॅगा दुरुस्त करायचं काम आमच्याकडे आलं. प्रवाशाची बॅग मोडायची असली की या जुन्या पेठेतल्या दगडी फरसबंदीवरच मोडते. चाक निखळतं, चेनचा रनर सुटतो, हँडल हातात येतं. बाबा ती बॅग उलटी करून बघतात, "च्" करतात आणि गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवतात. बसलेला माणूस किल्ल्याबद्दल बोलतो. आत जाणारा विचारतो, बाहेर आलेला सांगतो. बाहेर आलेल्याचं ऐकायचं आणि आत जाणाऱ्याला सांगायचं, एवढ्या भांडवलावर बाबा पेठेतले किल्ल्याचे जाणकार झाले होते. आजोबांचंही असंच होतं म्हणतात.

मग आत का गेले नाहीत? तिकिटामुळे. प्रश्न पैशांचा नव्हता, मानाचा होता. ज्या दरवाजासमोर आपल्या दोन पिढ्या खपल्या, तिथे रांगेत उभं राहून पाहुण्यासारखं तिकीट काढायचं? किल्ल्याच्या अधिकाऱ्यांनी एकदा रस्ता ओलांडून यावं आणि "या, बघून जा" म्हणावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. अधिकाऱ्यांना या अपेक्षेचा पत्ताच नव्हता. त्यामुळे दोन्ही पक्ष आपापल्या जागी बसून राहिले.

आई मात्र आत जायची. रोज जायची.

यामागचं कारण समजायला बाबांची कामाची पद्धत माहीत हवी. कारागीर म्हणून माणूस एक नंबर, पण समोर ठेवलेली वस्तू त्यांना दिसत नाही. कात्री, पक्कड, मेणाचा दोरा, चष्मा, काहीही असो, हात एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवला की लगेच हाक, "अगं ए!" घर दुकानाच्या मागेच, दोन खोल्या. आई हातातलं टाकून येते. कात्री बाबांच्या डाव्या हाताशी पडलेली असते, ती उचलून त्यांच्या उजव्या हातात देते आणि परत जाते. तिचं पीठ मळून व्हायच्या आत पुढची हाक येते. मला हाक मारून उपयोग नाही, हे बाबांना माझ्या लहानपणीच कळलं होतं. मी बसल्या जागेवरून "तुमच्या नाकासमोर आहे" असं ओरडते. आईला ते कधी जमलं नाही.

दुपारी जेवण झालं की बाबा शटर अर्धं खाली ओढतात आणि दुकानातल्या फळीवर आडवे होतात. तेवढा वेळ आई घरात नसायची. शेजारच्या कापडवाल्याच्या बायकोकडे बसते, असं ती सांगायची. मी सकाळी दवाखान्यात औषधं देण्याचं काम करते. दोन वर्षांपूर्वी तिथल्या मैत्रिणीकडे पाहुणे आले, त्यांना किल्ला दाखवायला मी गेले. वरच्या तटावर, तोफेसाठी केलेल्या एका कोनाड्यात, एक बाई चपला काढून, पाय लांब करून, समुद्राकडे तोंड करून बसली होती. काहीही करत नव्हती. आईला काही न करताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, म्हणून ओळखायला वेळ लागला.

"बाबांना सांगू नकोस," ती म्हणाली. "इथे मला कुणी हाक मारत नाही."

पेठेत राहणाऱ्यांना आत फुकट सोडतात, हा नियम तिला माहीत होता. बाबांना तो कळू नये याची काळजी तिने घेतली होती. कळला असता तर पहिल्या दिवशी ते बघायला आले असते, दुसऱ्या दिवशी शेजारी बसले असते आणि तिसऱ्या दिवशी चष्मा कुठाय म्हणून विचारलं असतं. मी गुपित राखलं. मला एरवी पोटात काही ठेवता येत नाही, पण हे ठेवलं.

आणि मग आमचे व्याही आले.

व्याही म्हणजे माझ्या वहिनीचे वडील. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, अतिशय सभ्य गृहस्थ. चाव्यांच्या जुडग्याला छोटं होकायंत्र लावलेलं. कुठेही गेले की आधी ते बघणार, मग बसणार. दादाच्या लग्नात बाबांनी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं होतं की एकदा या, किल्ला मी स्वतः दाखवतो, मला तिथला दगडन् दगड माहीत आहे. लग्नात माणूस काहीही बोलतो. पण मोजणी खात्यातली माणसं ऐकलेलं विसरत नाहीत. कुठल्याशा कामाने ते आमच्या शहरात आले, दोन दिवस उतरले आणि चहा पिता पिता म्हणाले, उद्या किल्ला. बाबांनी दुकानाचं कारण काढलं. व्याही म्हणाले, काही घाई नाही, मी थांबतो की.

मी बाबांना स्वयंपाकघरात गाठून सांगितलं की सरळ कबूल करा, आत गेलो नाही म्हणून. त्यात काय मोठंसं? ते माझ्यावरच उखडले. मुलाच्या सासऱ्यासमोर मी खोटा पडू? झाकली मूठ सव्वा लाखाची, तू मधे बोलू नकोस. इतकी वर्षं लोकांना आतला रस्ता सांगतोय, कुणी परत येऊन तक्रार केली का? लोक परत आले नाहीत, हे खरं होतं. आईने डोकं दुखण्याचं निमित्त करून घरी थांबायचं ठरवलं होतं, तर बाबा म्हणाले, "तू चल. तू बरोबर असलीस की मला बरं पडतं."

झालं. दुसऱ्या दिवशी बाबांचं खोटं आणि आईचं खरं एकाच दरवाजाने आत शिरायला निघालं. बाबांचं पितळ उघडं पडलं असतं तर चार दिवस घरात धुसफुस झाली असती आणि विषय संपला असता. आईचं उघडं पडलं असतं तर तिचा कोनाडा गेला असता. मला काळजी होती ती कोनाड्याची, म्हणून मीही चपला घातल्या.

तिकिटाच्या खिडकीशीच पहिला फटका बसला. बाबा छाती काढून पुढे झाले आणि चार तिकिटं मागितली. खिडकीतल्या बाईने बाबांच्या खांद्यावरून मागे बघितलं, आई दिसताच तिचा चेहरा फुलला. पेठेतल्या लोकांना तिकीट लागत नाही हो, ती म्हणाली, पाहुण्यांचं तेवढं काढा, आणि मावशींना तर—

"मावशींना पाणी मिळेल का?" मी मधेच तोंड घातलं. आईला तेवढ्यात खोकल्याची मोठी उबळ आली. तिला अभिनय येतो हे मला त्या दिवशी कळलं.

बाबांचं लक्षच नव्हतं. तिकीट लागत नाही, एवढ्यावरच ते अडकले होते. कधीपासून, म्हणून त्यांनी विचारलं. पहिल्यापासून, बाई म्हणाली. ज्या तिकिटासाठी सगळी उमर रुसून काढली ते तिकीट मुळात नव्हतंच. त्यांचा चेहरा बघून मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. पण व्याही शेजारीच उभे होते. बाबांनी स्वतःला सावरलं आणि म्हणाले, "माहीत आहे हो. मी आपला मान म्हणून काढत असतो."

आत शिरल्यावर बाबा जे थबकले ते थबकलेच. त्यांच्या डोक्यातल्या किल्ल्यात डावीकडे भिंत होती आणि इथे हिरवळ निघाली. मग त्यांनी हात लांब करून सांगितलं की हा पश्चिमेचा बुरूज. व्याह्यांनी जुडगं काढलं, बघितलं, पुन्हा खिशात ठेवलं. उत्तरेचा आहे, ते अगदी हळू आवाजात म्हणाले. बाबा म्हणाले, हो, पश्चिमेकडून आलं की उत्तरेचा.

एक झाडूवाली बाई समोरून आली आणि आईला म्हणाली की आज उशीर झाला, मी जागा कधीची झाडून ठेवलीय. आई तिच्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "तुमची काहीतरी चूक होतेय, बाई." झाडूवालीने एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघितलं. बायकांना अशा गोष्टी उलगडून सांगाव्या लागत नाहीत. चेहरा सारखा वाटला, असं म्हणून ती झाडत निघून गेली.

मग बाबांनी भुयाराचा विषय काढला. हे त्यांचं खास ठिकाण. किल्ल्यातून बाहेर आलेली माणसं वर्षानुवर्षं स्टुलावर बसून नाक धरून सांगत आली होती की आत एक लांबलचक अंधारी वाट आहे, आणि काय तो वास. यावरून बाबांनी ताडलं होतं की साहेब तिथे कैदी डांबत असणार आणि तो वास म्हणजे कैद्यांच्या हालांचा, भिंतीत मुरलेला. अनेक गिऱ्हाइकांच्या अंगावर त्यांनी काटा आणला होता. आता ते पुढे, मागे व्याही, मग आम्ही दोघी, असे त्या वाटेने चाललो. वास खरंच होता. आवाज खाली आणून बाबा सांगत होते की या वाटेने गेलेला माणूस परत आला नाही. वाट वळली आणि समोर दोन दारं आली. एकावर पुरुषाचं चित्र होतं, दुसऱ्यावर बाईचं.

व्याही पुरुषाच्या दारातून आत गेले. बाहेर आले तेव्हा रुमालाला हात पुसत म्हणाले, "कैद्यांची सोय चांगली ठेवलीय. पाणीही आहे."

इथे तरी बाबांनी थांबायला हवं होतं. पण बुडत्याचा पाय खोलात. पुढे एक मोठं दालन लागलं, ते त्यांनी गव्हर्नरच्या नाचगाण्याचं ठरवलं आणि मडमा कुठे उभ्या राहायच्या तेही दाखवलं. दाराशी पाटी होती. दारूगोळ्याचं कोठार, आत विस्तव नेण्यास मनाई. व्याह्यांनी ती मनातल्या मनात वाचली. मोठ्याने वाचली असती तर बरं झालं असतं.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "तुम्ही शेवटचे आत कधी आला होतात?"

"दुरुस्तीच्या आधी," बाबा म्हणाले. कुठल्या दुरुस्तीच्या, असं व्याह्यांनी विचारायच्या आत ते एका छोट्या दाराकडे वळले. इथून समुद्राकडच्या तटावर जायला जवळची वाट आहे, ती उघडी आहे का एवढं बघून येतो, तुम्ही इथेच थांबा. दार ठेंगणं होतं. बाबा डोकं आपटून आत गेले.

आम्ही थांबलो. व्याही एका दगडावर बसले, मग उठून दालन पावलांनी मोजलं, मग पुन्हा बसले. बाबा काही येईनात. आई भिंतीला टेकून उभी होती. आणि मग ती हाक आली.

"अगं ए!"

दगडी इमारतीत आवाजाचं काय होतं ते मला त्या दिवशी समजलं. आधी तो डावीकडून आला, मग छतातून, मग पायाखालून. फिरायला आलेली माणसं थांबून वर बघायला लागली. "अगं ए! अगं ए, कुठंयस?" हरवलेला माणूस विचारत होता, न हरवलेल्या बायकोला.

आईने डोळे मिटले होते. मला बाबांचा असा राग आला की काय सांगू. अख्ख्या जगात तिला एकच जागा मिळाली होती आणि आता त्या जागेच्या प्रत्येक दगडातून तीच हाक येत होती. मी म्हटलं, तू थांब, मी जाते.

"तुला वाट माहीत नाही," आई म्हणाली आणि निघाली.

व्याह्यांच्या हिशोबाने आवाज पूर्वेकडून येत होता. आई बरोबर उलट्या बाजूला वळली. अंधाऱ्या जिन्यात ती कुठेही चाचपडली नाही. एका ठिकाणी अचानक वाकली, मी दोन पावलं पुढे गेले आणि माझं कपाळ कमानीवर आदळलं.

"विहीणबाई कमान दिसायच्या आधीच वाकल्या," माझ्या मागून व्याही हळूच म्हणाले.

मी कपाळ चोळत म्हटलं की तिची नजर चांगली आहे. असेल, असेल, व्याही म्हणाले.

वर उजेड आला. तटावर वारा होता, समोर सगळा समुद्र. आणि आईच्या कोनाड्यात बाबा बसले होते. वाट चुकत चुकत नेमके तिथे येऊन पडले होते. त्यांच्या मांडीवर एक चपटी उशी होती. आईने ती एका सुट्या दगडामागे ठेवलेली असायची. हिरव्या रेक्झिनची, दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांची. बाबांना कात्री दिसत नाही, पण स्वतःच्या दुकानातलं रेक्झिन ते कुठेही ओळखतील.

"हे माझं रेक्झिन आहे," ते आईला म्हणाले. मग उशी उलटी करून, बॅग बघतात तशी, कड बघितली. "शिलाई तुझी आहे."

जिन्यातून व्याह्यांची पावलं वाजत होती. बाबांचा मान गेलेला होता, फक्त कुणी तसं म्हणायचं बाकी होतं. आईने एकदा कोनाड्याकडे बघितलं. व्याही धापा टाकत वर आले तेव्हा ती त्यांच्याकडे वळली.

"ह्यांनीच सांगितलेल्या वाटेने आले, भाऊ," ती म्हणाली. "दुकानात बसून इतक्यांदा सांगितलीय की मला ती डोळे मिटून येते."

बाबांनी तिला असली कुठलीही वाट कधी सांगितली नव्हती, आणि हे तिघांनाही माहीत होतं. बहुतेक चौघांनाही. बाबा बराच वेळ उशीच्या शिलाईवरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी बाजूला सरकून व्याह्यांना जागा करून दिली.

"ही इथली सगळ्यात चांगली जागा," ते म्हणाले. "मी कुणाला सांगत नाही."

किल्ल्याबद्दल बाबांनी सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट. व्याह्यांनी होकायंत्र काढलं नाही. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी बाबांना सांगितलं की किल्ला छान दाखवलात, आणि आईला मात्र नमस्कार जरा जास्तच वाकून केला.

ते गेले त्या दुपारी आई घरातच राहिली. घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. बाबांनी शटर अर्धं ओढलं, पण आडवे झाले नाहीत. आतल्या दारापाशी येऊन म्हणाले, "जा की. आता मला माहीत आहे. चोरून कशाला जायचं?" फार मोठ्या मनाने म्हणाले. आईने हात पुसले आणि ती गेली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक अर्ध्या शटरखालून वाकून आलं, पट्टा तुटलेली बॅग घेऊन. गाडी सुटायला आली म्हणत होतं. बाबांनी काम घेतलं आणि कात्रीसाठी हात फिरवला. एकदा इकडे, एकदा तिकडे. तोंड उघडलं. आणि मिटलं. मी शिलाईच्या मशीनवर बसून बघत होते. कात्री त्यांच्या मांडीखाली होती, मी मुद्दाम सांगितलं नाही. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, मान लाल झाली. शेवटी त्यांनी दाताने दोरा तोडला, पट्टा कसाबसा शिवला आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावलं. एकदाही हाक मारली नाही. माझ्याकडे असं बघितलं की जणू मी टाळ्या वाजवायला हव्या होत्या.

पण आई लवकरच परतली. नेहमीच्या निम्माही वेळ झाला नव्हता. का गं, बाबांनी विचारलं. तिने चपला काढून कोपऱ्यात लावल्या.

"बसवेना," ती म्हणाली. "तुम्ही इथे हाक गिळून बसला असाल, हेच सारखं मनात. कान सगळे इकडेच." मग थोडं थांबून म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं तेव्हाच बरं होतं."

ती चिडून म्हणाली नाही, म्हणून बाबांना जास्त लागलं. त्यांनी वाद घातला नाही. रात्री जेवायला बसलो. मी मात्र मनातलं बोलून मोकळी झाले. म्हटलं, तुम्ही तिचा किल्ला घेतलात आणि वर तिला परवानगी देताय. यावर बाबांनी ताटावरून मान वर केली, पण उत्तर दिलं नाही. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

पुढच्या दुपारी जेवण झालं. बाबांनी शटर अर्ध्यावर ओढलं, फळीवर आडवे झाले, भिंतीकडे तोंड केलं आणि लगेच घोरायला लागले.

बाबांचं घोरणं मी जन्मापासून ऐकतेय. ते हळू सुरू होतं, मधेच अडकतं, माणूस गेला की काय असं वाटतं आणि मग शिट्टी वाजवून पुढे निघतं. हे घोरणं वेगळंच होतं. एकसारखं, व्यवस्थित, शाळेत धडा वाचून दाखवावा तसं.

आई हात पुसत दारात आली आणि ऐकत उभी राहिली. ती तर ते माझ्याहून जास्त वर्षं ऐकतेय. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही. मग तिने वाकून चपला हातात घेतल्या आणि चवड्यांवर, एकेक पाऊल जपत, बाबांच्या पायांशेजारून शटरपर्यंत गेली.

"गाढ झोपलेत," ती मला कुजबुजत म्हणाली. "उठवू नकोस."

मी मान हलवली. ती शटरखालून वाकून बाहेर पडली, आणि बाबा आणखी जोरात घोरायला लागले.